उशिरा पोचलेला ऊस: बार्बाडोस आणि त्रिनिदाद वेगळे कसे घडले

मराठी घरांत ही दोन बेटं आधी क्रिकेटमुळे पोचली. १९७१ च्या मार्चमध्ये त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. सुनील गावसकरांची ती पहिलीच कसोटी. दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक केलं. मालिकेची शेवटची कसोटीही पोर्ट ऑफ स्पेनलाच होती, तिथे गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या आणि त्रिनिदादमध्ये त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथलं लोकगीत, रचला गेला. बार्बाडोसच्या राजधानीच्या, ब्रिजटाऊनच्या आठवणी मात्र बोचणाऱ्या. १९६२ मध्ये नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला चेंडू लागला तो तिथेच. त्यांना रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांच्याबरोबर बार्बाडोसचे फ्रँक वॉरेलही होते. १९९७ मध्ये १२० धावांचा पाठलाग करताना सचिनचा संघ ८१ वर आटोपला, तेही तिथेच. जून २०२४ मध्ये तिथेच जिंकलेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाने ती जखम भरली असं म्हणू.

पण पोर्ट ऑफ स्पेनला भारतीय संघ खेळतो तेव्हा प्रेक्षकांत त्याला टाळ्या देणारे हजारो असतात आणि ब्रिजटाऊनला तसं होत नाही, याचं कारण क्रिकेटमध्ये नाही. ते दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या ऊसमळ्यांत आहे. दोन्ही बेटांवर इंग्रजांचं राज्य होतं, दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, विमानाने तासाभराचं अंतर. तरी एका ठिकाणी ऊस १६४० च्या दशकात पोचला, दुसऱ्या ठिकाणी १७८३ नंतर. माझ्या मते बाकीचे बहुतेक फरक या दीडशे वर्षांच्या अंतरातून निघाले आहेत.

बार्बाडोस म्हणजे जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं, प्रवाळाच्या चुनखडीचं, बऱ्यापैकी सपाट बेट. कॅरिबियन बेटांची जी कमान नकाशावर दिसते, तिच्या बाहेर पूर्वेला ते एकटंच आहे. वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे शिडाच्या जहाजांच्या काळात पश्चिमेकडच्या बेटांवरून त्याच्यावर चाल करून जाणं अवघड होतं. १६२७ मध्ये इंग्रज वसाहतवाले उतरले तेव्हा मूळ रहिवासी तिथे उरले नव्हते. तेव्हापासून १९६६ पर्यंत सत्ता इंग्रजांकडेच राहिली. आजूबाजूची बेटं फ्रेंच आणि इंग्रजांमध्ये हात बदलत राहिली, बार्बाडोस कधीच नाही. १६३९ पासून तिथे विधिमंडळ आहे. अर्थात ते मळेवाल्यांचं, मळेवाल्यांसाठी.

सुरुवातीला तंबाखू आणि कापूस पिकवणारे छोटे गोरे शेतकरी होते. ब्राझीलमधल्या डच व्यापाऱ्यांकडून ऊस पिकवण्याचं आणि साखर पाडण्याचं तंत्र आलं आणि वीसेक वर्षांत सगळं बेट उसाखाली गेलं. छोटे शेतकरी विकून निघून गेले, मोठे मळे झाले, आणि त्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. १६६१ मध्ये बार्बाडोसच्या विधिमंडळाने गुलामांचा कायदा केला. माणसाला मालमत्ता ठरवून, मालकाने शिक्षा करताना गुलाम मेला तरी मालक जवळजवळ मोकळा राहील, अशी व्यवस्था त्यात होती. पुढे जमैकाने आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाने तोच नमुना उचलला. बार्बाडोसच्या ‘शिस्तीचं’ कौतुक करणाऱ्यांनी ती शिस्त आधी कोणावर आणि कशी लादली गेली हे विसरू नये. १८१६ च्या ईस्टरला बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, तो चिरडला गेला. आज तिथे बुसा राष्ट्रीय वीर आहे.

१८३४ मध्ये कायद्याने गुलामी संपली, १८३८ मध्ये प्रत्यक्षात. सुटलेला माणूस जाणार कुठे? सगळी जमीन मळ्यांची. डोंगर नाही, रान नाही, पडीक तुकडा नाही. मळेवाल्याने झोपडीपुरती जागा भाड्याने द्यायची आणि बदल्यात त्याच्याच मळ्यावर कमी मजुरीत काम करायचं, असा कायदाच झाला. काम सोडलं की जागा गेली. यातून एक घर जन्माला आलं, ज्याला तिथे चॅटल हाउस म्हणतात, म्हणजे जंगम मालमत्तेत मोडणारं घर. ते नीट पाहण्यासारखं आहे. पाया नसतो, चुनखडीचे सुटे दगड एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवर लाकडी सांगाडा टेकलेला. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर वादळी वाऱ्याला तोंड देणारं चढ्या उताराचं छप्पर. मालकाशी बिनसलं की फळ्या सोडवायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसरीकडे नेऊन पुन्हा उभ्या करायच्या. घर आपलं, त्याखालची जमीन परक्याची! ही अवस्था कायद्याने संपायला १९८० उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने मळ्यांवरच्या भाडेकरूंना आपली घराखालची जागा चौरस फुटाला दहा सेंट या दराने विकत घेता आली. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण यावी असंच ते होतं.

त्रिनिदादमध्ये नेमकं उलटं घडलं. कोलंबसने १४९८ मध्ये बेट पाहिलं, स्पेनने ते तीनशे वर्षं नावापुरतं सांभाळलं. व्हेनेझुएला अकरा किलोमीटरवर. बेट मोठं, डोंगराळ, जंगलाने भरलेलं आणि जवळजवळ रिकामं. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने फर्मान काढलं की जो कॅथलिक येईल आणि राजनिष्ठेची शपथ घेईल, त्याला माणशी जमीन मिळेल, बरोबर आणलेल्या प्रत्येक गुलामामागे आणखी मिळेल. मिश्रवंशीय मुक्त लोकांनाही जमीन मिळत होती, गोऱ्यांच्या निम्मी. शेजारच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले लोटले. चौदा वर्षांत लोकसंख्या तीनेक हजारांवरून सतरा-अठरा हजारांवर गेली. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तेव्हा कायदा स्पॅनिश, बोली फ्रेंच क्रिओल आणि देवळं कॅथलिक होती. कार्निव्हल आला तो याच फ्रेंच मळेवाल्यांबरोबर.

ऊस नुकताच लागला होता आणि १८०७ मध्ये इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद केला. म्हणजे मळे वाढवायचे होते तेव्हाच माणसं मिळेनाशी झाली. १८३८ नंतर सुटलेले लोक इथे सरळ मळ्याबाहेर पडले, कारण सभोवती मोकळी जमीन होती. मजुरी बार्बाडोसपेक्षा किती तरी चढी. बार्बाडोसचे लोक पोटासाठी बोटीत बसून त्रिनिदादला येऊ लागले. तिथल्या पोलीस दलातही बार्बाडोसच्या माणसांचा मोठा भरणा होता.

तेवढ्याने मळेवाल्यांचं भागेना. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ पर्यंत असे सुमारे १,४४,००० भारतीय करारावर नेले गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. करार पाच वर्षांचा, बराकी त्याच ज्यांत आधी गुलाम राहत होते, आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर दिसलं तर तुरुंग. १८६९ पासून काही वर्षं परतीच्या तिकिटाऐवजी सरकारी जमीन घेण्याची सोय होती. अनेकांनी ती घेतली आणि चागुआनास, पेनाल, देबे या भागांत गावं वसली. या गावांतल्या घरात आजही वडिलांच्या आईला ‘आजी’ म्हणतात. शब्द भोजपुरीतून गेला आहे, मराठीतून नाही. तरी तो पहिल्यांदा कळला तेव्हा मला गलबलून आलं.

बार्बाडोसला ही भरती करावी लागली नाही, कारण तिथे माणसांना जायला जागाच नव्हती. म्हणून तो समाज आजही जवळजवळ एकजिनसी, नव्वद टक्क्यांहून जास्त आफ्रिकी वंशाचा, अँग्लिकन वळणाचा. त्रिनिदादमध्ये भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे लोक प्रत्येकी एक तृतीयांशाहून थोडे जास्त, बाकी मिश्र. राजकारणही तसंच घडलं. बार्बाडोसचे दोन मोठे पक्ष एकाच समाजातून आलेले, त्यामुळे लाट एकाच बाजूला जाऊ शकते: २०१८ आणि २०२२ मध्ये मिया मॉटली यांच्या पक्षाने तीसपैकी तीस जागा घेतल्या. त्रिनिदादमध्ये पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या पक्षामागे मुख्यतः आफ्रिकी वंशाचे, तर विरोधकांमागे भारतीय वंशाचे, अशी फाळणी १९५६ पासून चालत आली. भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान बासदेव पांडे यायला १९९५ उजाडलं.

दोन्ही इतिहास एकमेकांत सर्वांत घट्ट गुंततात ते १९३७ मध्ये. जूनमध्ये त्रिनिदादच्या तेलक्षेत्रात, फायझाबादला, ग्रेनाडाहून आलेले टुबल उराया बटलर कामगारांपुढे बोलत असताना पोलीस त्यांना पकडायला गेले आणि दंगल पेटली. त्याच सुमाराला क्लेमेंट पेन ब्रिजटाऊनमध्ये कामगारांच्या सभा घेत होते. आईवडील बार्बाडोसचे, जन्म त्रिनिदादचा. बेटावर उतरताना जन्मस्थान खोटं सांगितलं, हा आरोप ठेवून जुलैमध्ये त्यांना त्रिनिदादला हाकललं गेलं आणि बार्बाडोस भडकला. चौदा माणसं मारली गेली. पेन यांचे वकील होते ग्रँटली अॅडम्स. हेच अॅडम्स १९५८ मध्ये दहा इंग्रज वसाहतींच्या वेस्ट इंडिज संघराज्याचे पंतप्रधान झाले आणि राजधानी होती पोर्ट ऑफ स्पेन. जमैकाने १९६१ च्या जनमतात बाहेर पडायचं ठरवल्यावर विल्यम्स म्हणाले की दहातून एक गेला की शून्य उरतं. त्रिनिदाद आणि टोबॅगो ३१ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झालं, बार्बाडोस ३० नोव्हेंबर १९६६ ला.

तोवर त्रिनिदादच्या हातात तेल होतं. ला ब्रे इथे डांबराचं नैसर्गिक तळं आहे, त्याच परिसरात १८५७ मध्येच विहीर खणून पाहिली होती. व्यापारी उत्पादन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालं. या तेलाच्या पिंपांतून बेटाला एक वाद्यही मिळालं. सरकारने आफ्रिकी ढोल दाबले, म्हणून लोकांनी बांबू आपटून ताल धरला, मग डबे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची पिंपं. पिंपाचा तळ घणाने ठोकून आत खोलगट करायचा, त्यावर लहानमोठे उंचवटे पाडायचे, प्रत्येक उंचवट्याचा सूर वेगळा. आफ्रिकी वस्तीतल्या पोरांनी कारखान्याच्या भंगारातून घडवलेलं हे स्टीलपॅन पुढे राष्ट्रीय वाद्य झालं. भारतीय बाजूने बेटाला ‘डबल्स’ मिळालं: ‘बारा’ म्हणजे तळलेल्या मऊ पुऱ्या, अशा दोन, मध्ये रस्सेदार चणे, वर कुचेला, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं. सकाळी कागदात गुंडाळून रस्त्यावर उभ्याने खातात, आणि तिथे वंश कोणी विचारत नाही.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा त्रिनिदादने नैसर्गिक वायूवर पॉइंट लिसासची वसाहत उभी केली: अमोनिया, मिथेनॉल, पोलाद. १९८० च्या दशकात भाव पडले, चलनाचं अवमूल्यन झालं, सरकारी पगार कापले गेले. जुलै १९९० मध्ये सशस्त्र गटाने पंतप्रधानांसह संसदेला सहा दिवस ओलीस धरलं. १९९९ पासून द्रवरूप वायूची निर्यात सुरू झाली आणि पुन्हा पैसा आला. साखर मात्र संपली. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, हजारो ऊसकामगार घरी बसले. २०१८ मध्ये तेलशुद्धीकरणही थांबलं. २०२४ मध्ये सहाशेहून अधिक खून झाले आणि वर्षाच्या शेवटी आणीबाणी पुकारावी लागली.

बार्बाडोसकडे विकायला किनारा, रम आणि शिकलेली माणसं होती. पनामा कालव्यावर हजारो लोक राबायला गेले आणि त्यांनी आणलेल्या पैशांतून काहींनी मळ्यांचे तुकडे विकत घेतले, तेव्हा कुठे जमीन हातात यायला लागली. स्वतंत्र देशाने एक गोष्ट हट्टाने जपली: १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकन डॉलर. १९९१ च्या आर्थिक संकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सल्ला अवमूल्यनाचा होता. सरकारने त्याऐवजी सरकारी नोकरांचे पगार आठ टक्के कापले. लोक रस्त्यावर आले, पण १९९३ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना एका मेजावर बसल्या आणि पगार आणि किमती यांचा लेखी करार झाला. इतकं जवळून एकमेकांना ओळखणाऱ्या, एकाच वळणाच्या समाजातच हे जमलं असं मला वाटतं. त्यालाही मर्यादा होती. २०१८ पर्यंत सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दीडपटीवर गेलं आणि नाणेनिधीकडे जावंच लागलं. चलनाचा दर तेव्हाही हलला नाही.

शेजाऱ्यांत खटके उडायचेच. त्रिनिदादच्या वायूच्या पैशाने बार्बाडोसची राष्ट्रीय बँक घेतली, मग तिथली सर्वांत मोठी व्यापारी कंपनीही. पोर्ट ऑफ स्पेनची विमा कंपनी २००९ मध्ये बुडाली तेव्हा बार्बाडोसच्या हजारो पॉलिसीधारकांचे पैसे अडकले. उडणारा मासा बार्बाडोसच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे, कूकूबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या आणि भेंडीच्या घट्ट लापशीबरोबर, तो तिथलं राष्ट्रीय जेवण आहे, पण मोसमात तो टोबॅगोकडे सरकतो. त्याच्या मागे गेलेल्या कोळ्यांना २००४ मध्ये अटक झाली आणि बार्बाडोसने आंतरराष्ट्रीय लवाद मागितला. २००६ च्या निवाड्याने सागरी सीमा ठरली, पण टोबॅगोच्या पाण्यात मासेमारीचा हक्क देणं लवादाने आपल्या अधिकाराबाहेरचं मानलं आणि दोन्ही देशांना बोलून ठरवायला सांगितलं.

२००५ मध्ये कॅरिबियन न्यायालय सुरू झालं, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. साडेतीनशे वर्षं इंग्रजांना धरून राहिलेल्या बार्बाडोसने आपली अंतिम अपिलं लगेच तिकडे वळवली आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला राणीचं पदही काढून टाकलं. त्रिनिदाद १९७६ पासून प्रजासत्ताक आहे, न्यायालयाची इमारत त्याच्याच राजधानीत आहे, पण त्रिनिदादच्या माणसाचं शेवटचं अपील अजून लंडनला जातं.