शब्द मेंदूतच अडकतात तेव्हा

एएलएस या आजारात स्नायूंपर्यंत हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हात लुळे पडतात, पाय जातात, कधीतरी जीभ आणि ओठांचीही पाळी येते. माणसाला ऐकू येतं, कळतं, काय बोलायचं तेही डोक्यात तयार असतं. पण तोंडातून समजेल असा शब्द फुटत नाही. मग आजूबाजूचे लोक त्याच्याशी मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागतात. बोलता येत नाही म्हणजे समजतही नसणार, असं धरून चालणं हा त्या माणसावर दुहेरी अन्याय आहे.

जुलै २०२३ मध्ये अशाच एका ४५ वर्षांच्या रुग्णावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत शस्त्रक्रिया झाली. बोटाच्या नखाहून लहान अशा चार चकत्या त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या हालचाली घडवणाऱ्या भागात बसवल्या. एका चकतीवर सुईसारखे ६४ इलेक्ट्रोड, म्हणजे एकूण २५६.

हे इलेक्ट्रोड विचार वाचत नाहीत. ‘प’ म्हणून पाहा: ओठ मिटतात. ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, ‘क’ म्हणताना तिचा मागचा भाग उचलला जातो. या प्रत्येक हालचालीआधी मेंदूत चेतापेशींची एक ठरावीक लगबग होते. एएलएसमध्ये जीभ नीट हलत नाही, पण लगबग होतच राहते. संगणक दर ८० मिलिसेकंदांनी ती टिपतो आणि कोणता उच्चार करायचा प्रयत्न चालला असावा याचा अंदाज बांधतो. त्या उच्चारांतून शब्द जुळवण्याचं काम पुढे भाषेचं गणित शिकलेला प्रोग्राम करतो.

यंत्र वापरण्याच्या पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या सरावावर ५० शब्दांचा संग्रह ९९.६ टक्के अचूकतेने ओळखला गेला. दुसऱ्या दिवशी संग्रह सव्वा लाख शब्दांचा केला, तरी अचूकता ९० टक्क्यांवर राहिली. पुढे सरावाने ती ९७.५ टक्क्यांपर्यंत गेली. आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचा जुना आवाज घडवला होता, त्यामुळे पडद्यावर उमटलेली वाक्यं त्याच्याच आवाजात ऐकू येत. आपल्याला म्हणायचं होतं तेच शब्द पडद्यावर पहिल्यांदा बरोबर उमटले, तेव्हा तो आनंदाने रडला.

त्याच २०२३ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संशोधकांनी असंच काम एका स्त्रीवर केलं. मेंदूच्या खोडातल्या पक्षाघाताने तिची वाचा गेली, त्याला तेव्हा १८ वर्षं झाली होती. तरीही यंत्राच्या मदतीने ती मिनिटाला ७८ शब्दांपर्यंत पोहोचली. अठरा वर्षं एकही वाक्य न बोललेल्या माणसाच्या मेंदूने बोलण्याची रीत जपून ठेवावी, हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत विलक्षण वाटतं. कित्येक आजारांत बोलणारा शाबूत असतो, तार तुटलेली असते.

कंपवातात गोष्ट उलटी. तिथे मेंदूतली काही मंडलं, म्हणजे चेतापेशींची जाळी, एकाच ठेक्यात अडकून पडतात. ग्रेनोबलमध्ये १९८७ साली आलीम-लुई बेनाबीद यांना असं दिसलं की, मेंदूत खोलवर सेकंदाला शंभराहून अधिक विद्युत स्पंदनं दिली की हाताची थरथर थांबते. अशी स्पंदनं देणारं उपकरण बसवण्याची शस्त्रक्रिया बऱ्याचदा रुग्ण जागा असतानाच करतात. त्याला कागदावर चकलीसारखी वळणं काढायला सांगतात. वेडीवाकडी, दातेरी रेघ प्रवाह सुरू होताच सरळ होत जाते. आजवर दीड लाखाहून अधिक लोकांना हे उपकरण बसवलं आहे. पण ते रात्रंदिवस एकाच जोराने प्रवाह सोडत असे. २०२५ साली अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळालेलं नवं उपकरण आधी मेंदूतल्या लहरी ऐकतं आणि त्यानुसार जोर कमी-जास्त करतं.

जिथे विचार आणि स्मृती सांभाळणाऱ्या पेशीच मरत जातात, तिथे हा मार्ग अजून उपयोगाचा ठरलेला नाही. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅब औषधाने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. पण आजार थांबला नाही, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव दिसला. ‘अल्झायमरवर इलाज सापडला’ असे मथळे देणं म्हणजे घरच्यांना खोट्या आशेला लावणं.

वाचायंत्राबद्दलचा खरा प्रश्न वेगळा आहे. ओठ हलवायचा प्रयत्न न करता मनातल्या मनात म्हटलेलं वाक्यही पकडता येईल का? २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की काही प्रमाणात येतं; अचूकता ७४ टक्क्यांपर्यंत गेली. मग मनात ठेवायचं तेही बाहेर पडलं तर? म्हणून त्यांनी कुलूप घातलं: रुग्णाने ठरलेला परवलीचा शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायला लागतच नाही. ही सोय सुरुवातीपासूनच यंत्रात हवी, नंतर जोडलेली नव्हे.

अजून हे वाचायंत्र मोजक्या रुग्णांपुरतं आहे. कवटीतून बाहेर आलेल्या जोडणीला केबल लावावी लागते. पण डेव्हिसच्या त्या रुग्णाच्या बाबतीत २०२५ मध्ये आणखी एक पाऊल पडलं: वाक्य लिहून होण्याची वाट न पाहता मेंदूतल्या संकेतांतून थेट आवाज, तोही सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. एरवी त्याचे चार टक्के शब्द ऐकणाऱ्यांना कळत; या आवाजातले जवळपास ६० टक्के कळले. प्रश्न विचारताना आता त्याला वाक्याच्या शेवटी स्वर चढवता येतो. तीन स्वरांत छोटी सुरावटही त्याने गुणगुणून दाखवली.