नळी पिवळी झाली म्हणजे झालं का?

2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजाराचे, रुग्ण वाढू लागले आणि गिया-बारे हे अवघड नाव आठवड्याभरात घरोघरी पोचलं. चिकन बंद करा, पनीर बंद करा, असे मेसेज फिरले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जीबीएसला निमित्त ठरू शकणारा जिवाणू सापडू लागल्यावर सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी ही त्याच भागातली गावं 2021 साली महापालिकेत आलेली. पाण्याची चर्चा सुरू झाली ती शेवटी विहिरीपाशी आणि तीत पडणाऱ्या क्लोरीनपाशी येऊन थांबली. हा जिवाणू क्लोरीनपुढे फार टिकत नाही. म्हणजे आजार दुर्मीळ, पण त्याची वाट अडवणारं औषध, म्हणजे ब्लीचिंग पावडर, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पोत्यात भरून ठेवलेलं असतं. मला त्या पोत्याबद्दलच लिहायचं आहे.

गावाचं आरोग्य हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. 73व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत पिण्याचं पाणीही येतं, आरोग्य आणि स्वच्छताही येते. दरवर्षी गावाचा विकास आराखडा बनतो, ग्रामसभेपुढे येतो. 2021 ते 2026 या वर्षांसाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला. शिवाय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, पाण्यात पावडर टाकणारा आणि पाणी तपासणारा जलसुरक्षक आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. कागदावर बघितलं तर व्यवस्था चांगलीच आहे.

पण आराखडा वाचायला घेतला की ओपन जिम ठळकपणे दिसते आणि आरओचं मशीनही. टीसीएल (म्हणजे तीच ब्लीचिंग) पावडर मात्र ‘किरकोळ साहित्य’ किंवा तसल्याच कुठल्या तरी ओळीत दडलेली असते. जिमचं उद्घाटन करता येतं, पावडरचं कोण करणार! आणि ती ओळ लिहिलेली असली तरी बहुतेक वेळा चुकीच्या हिशोबाने लिहिलेली असते.

आधी सोपा हिशोब. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण 33 टक्के उपयोगी क्लोरीन असतो. टाकी 50,000 लिटरची आणि लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर लागतो 100 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम पावडर. पण ही पावडर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषते आणि क्लोरीन सोडत राहते. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात ती 20 टक्क्यांवर आली की त्याच टाकीला अर्धा किलो लागते, 10 टक्क्यांवर आली की किलोभर. मोजायचा डबा तोच, हात तोच, फक्त पाण्यात पडणारं औषध तिसऱ्या हिश्शावर आलेलं. ढेकळं झालेली पावडर आणि शेजारच्या लोखंडी कपाटावर चढलेला गंज, एवढं दिसलं तरी क्लोरीन कुठे गेला ते कळतं. आरोग्य खातं पावडरचे नमुनेही प्रयोगशाळेत पाठवतं. ते अहवाल ग्रामसभेत वाचले जात असतील, तर ती ग्रामपंचायत भाग्यवान म्हणायची.

आता माझ्या आवडीचा भाग. थोडं रसायनशास्त्र येईल, पण दहावीपर्यंतचं पुरतं.

पावडर पाण्यात गेली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. खरा मारेकरी हाच. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे ऋणभारित पृष्ठभागाच्या जिवाणूत तो सहज शिरतो. त्यातला हायड्रोजन सुटला की उरतो हायपोक्लोराइट आयन. तो ऋणभारित, म्हणून जिवाणूपासून दूर ढकलला जातो आणि मारक शक्तीत कितीतरी पटींनी उणा पडतो. या दोघांची वाटणी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. सामू 7 असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन आम्लरूपात राहतो, 8 असेल तर जेमतेम एक चतुर्थांश, 9 असेल तर तीन-चार टक्के. (‘अल्कलाइन वॉटर’ची हजारो रुपयांची यंत्रं विकणारे सामू 9 म्हणून मिरवतात. पोटात गेल्यावर जठरातलं आम्ल त्या सामूची काय गत करतं, हे ते सांगत नाहीत.) आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी बहुधा किंचित अल्कधर्मीच असतं. म्हणून पावडर टाकल्या टाकल्या नळ सोडायचा नसतो, अर्धा तास तरी थांबायचं असतं.

इथवर सगळं सरळ आहे. गडबड होते ती पाण्यात अमोनिया आला की. आणि अमोनिया येतो सांडपाण्यातून, मलमूत्रातून.

समजा, लिटरभर पाण्यात 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आहे. क्लोरीन टाकायला लागलो की तो आधी अमोनियाला चिकटतो आणि मोनोक्लोरामाइन बनतं. तेही जंतू मारतं, पण फार सावकाश. साधारण 5 मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन असाच अडकत जातो. आणखी टाकला की डायक्लोरामाइन बनतं, मग ही संयुगंच फुटू लागतात, नायट्रोजन वायू होऊन उडून जातात आणि पाण्यातला मोजता येणारा क्लोरीन चक्क कमी होतो. टाकतोय जास्त आणि मोजतोय कमी! साडेसातच्या आसपास तो तळ गाठतो. व्यवहारात आठ ते दहा मिलिग्रॅमही लागतात. या तळाला ब्रेकपॉइंट म्हणतात. त्याच्या पुढे टाकलेला प्रत्येक मिलिग्रॅम मात्र मुक्त क्लोरीन म्हणून उरतो. आलेख काढला तर एक टेकडी, मग दरी, मग सरळ चढ. मला तो आलेख अजूनही सुंदर वाटतो.

आता जलसुरक्षकाच्या हातातली ओटी टेस्टची नळी बघा. नळाचं पाणी खुणेपर्यंत घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पांढऱ्या कागदापुढे धरायचं. पिवळा रंग आला की पाणी ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे क्लोरीन आहे, आणि नोंदवहीत सही. गोम अशी की मुक्त क्लोरीन हा रंग लगेच देतो, दहा सेकंदांत. अमोनियात अडकलेला क्लोरीनही तोच रंग देतो, फक्त सावकाश, पंधरा-वीस मिनिटांत. नळी हातात धरून चार माणसांशी बोलत उभं राहिलं की तीही पिवळीधमक होते. म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, मुक्त क्लोरीन औषधालाही नसलेल्या पाण्याला आपण पास करतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम सांगितला आहे तो मुक्त क्लोरीन, अडकलेला नव्हे.

याहून वाईट गोष्ट वासाची. पाण्याला तो झोंबणारा ‘औषधाचा’ वास येतो तो बऱ्याचदा डायक्लोरामाइनचा आणि त्याच्या पुढच्या भावंडाचा, म्हणजे क्लोरीन कमी पडल्याचा. लोक तक्रार करतात, “पावडर फार झाली, पाणी तोंडात धरवत नाही.” सरपंच सांगतात, कमी टाक. आणि पावडर वाढवायची त्या दिवशी ती घटते.

असा दिवस नेमका कधी येतो? जून-जुलैत. नळ दिवसातून तासभर येतो, बाकी वेळ पाइप रिकामा. गटारातून गेलेल्या पाइपाचा सांधा ढिला असेल तर पाणी बंद झाल्यावर आतला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. जंतू आणि अमोनिया एकाच वाटेने येतात. वर गढूळपणा, त्याच्या कणांआड जंतू लपतात. आराखड्यात मात्र बारा महिन्यांना सारखी भागलेली पावडर. माझा आक्षेप आहे तो याच भागाकाराला. मे महिन्यात ताजी पावडर, तीही झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत, आणि पावसाळ्यासाठी वेगळी तरतूद, एवढं लिहायला कुठल्या सल्लागाराची गरज नाही. गळके सांधे दुरुस्त करण्याचा खर्चही खरं तर आरोग्याच्याच शीर्षकाखाली यायला हवा.

पटकीची साथ आली की पूर्वी मरीआईचा गाडा काढून शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडत. रोग गाड्यात बसत नाही, पण गाडा ओढणाऱ्यांच्या पोटात मात्र बसतो. एका गावची पटकी दुसऱ्या गावाला पोचवायची याहून सोयीची रीत शोधून सापडणार नाही. हसायला नको, आजही साथ आल्यावर आधी शेजारच्या गावाच्या गटाराकडेच बोट दाखवलं जातं.

1908 साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी हीच पावडर टाकायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण कोर्टात होतं. पाण्यात विष कालवल्यासारखं लोकांना वाटत होतं. शेवटी कोर्टाने ती पद्धत मान्य केली. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने लहान विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती काढली. मडक्यात वाळू आणि पावडर भरून ते विहिरीत सोडायचं, क्लोरीन दोन-तीन आठवडे झिरपत राहतो. स्वस्त आणि हुशार काम. पण मडक्यालाही ब्रेकपॉइंट ठाऊक नसतो.

तो ओळखायला नळी दोनदा वाचायची, दहा सेकंदांनी आणि पंधरा मिनिटांनी. दोन्ही वेळा रंग सारखाच तर बरं. पहिल्यांदा फिका आणि नंतर गडद झाला, तर अमोनिया आहे, म्हणजे बहुधा कुठेतरी गटार मिसळतंय. नमुना टाकीखालच्या नळाचा घेऊन भागत नाही, शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाचा घ्यावा लागतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि किट देण्याची योजना आहे. त्यातली एखादी त्या शेवटच्या नळाजवळ राहणारी असली, तर सकाळी पाणी आल्या आल्या हे काम पाव तासात होतं.