बॉल-ट्रॅकिंग

क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपून तो संगणकीय चित्रातून पडद्यावर दाखवण्याचे तंत्र. बोलण्यात याला सरसकट ‘हॉक-आय’ म्हणतात. ते खरे तर एका प्रणालीचे नाव. न्यूझीलंडची ‘व्हर्च्युअल आय’ही हेच काम करते. हॉक-आय इंग्लंडमध्ये पॉल हॉकिन्स यांनी विकसित केली आणि २००१ साली लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ती प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसली.

मैदानाभोवती उंचावर साधारण सहा कॅमेरे असतात. एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून चेंडू कुठे दिसतो, यावरून त्याची जागा काढली जाते. असे बिंदू ओळीने जोडले की टप्पा कुठे पडला, चेंडू किती वळला, पॅडला कुठे लागला, हे कळते. इथवर सगळे मोजलेले असते. पॅडपासून यष्टींपर्यंतच्या वाटेने मात्र चेंडू गेलेलाच नसतो! टप्प्यानंतरच्या मार्गावरून संगणक ती वाट पुढे काढतो. टप्पा पॅडच्या अगदी जवळ पडला असेल तर या अंदाजाला आधार तुटपुंजा, पण पडद्यावरची रेघ तितकीच ठाम. ‘अंपायर्स कॉल’ ही त्या अनिश्चिततेची कबुली म्हणायची: अंदाजित चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागत असेल, तर मैदानावरच्या पंचांनी दिलेला निर्णय कायम राहतो.

इंदूरच्या होळकर स्टेडियमने (जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘उषाराजे’च) डीआरएसच्या (पंचांच्या निर्णयाची अशा तंत्राने फेरतपासणी मागण्याची पद्धत) आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही काळ पाहिले. इथली पहिली कसोटी ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाली. अश्विनने तीत १३ बळी घेतले, पण डीआरएस नव्हते. पुढच्याच महिन्यात, इंग्लंडविरुद्धच्या राजकोट कसोटीपासून, भारताने ते मायदेशी प्रायोगिक तत्त्वावर स्वीकारले. मार्च २०२३ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी डीआरएससह खेळली गेली आणि फिरकीपुढे तिसऱ्या दिवशीच आटोपली.

अशा सामन्यात इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरी पायचीतचे अपील झाले की पंचाच्या बोटाकडे कुणी बघत नाही. टप्पा, इम्पॅक्ट (चेंडू पॅडला लागला ती जागा), विकेट असे चौकोन एकेक करून उमटतात आणि नातवंडे मोजतात: “एक लाल, दोन लाल... तीन लाल! आजोबा, गेला!” आजोबांनी हाच खेळ रेडिओवर ऐकलेला. ज्यांच्या आवाजात ऐकला, त्या सुशील दोशी यांचे नाव होळकर स्टेडियमच्या समालोचन कक्षाला दिलेले आहे.