ड्रॉप पॉलिसी आणि शेवटचा ड्रॉप नियम

लिनक्स सर्व्हरवर आयपीटेबल्सला, म्हणजे फायरवॉलचे नियम लावणाऱ्या साधनाला, ‘परवानगी नाही ते सगळं अडव’ हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. एकतर इनपुट चेनची (आत येणाऱ्या डेटाच्या पॅकेट्ससाठीच्या नियमांच्या यादीची) पॉलिसीच, म्हणजे कुठलाच नियम लागला नाही तर घ्यायचा निर्णय, ‘ड्रॉप’ (अडव) अशी ठेवायची, नाहीतर पॉलिसी ‘ॲक्सेप्ट’ (येऊ दे) ठेवून यादीत सगळ्यांत खाली ड्रॉपचा नियम लिहायचा. रोजच्या कामात दोन्ही सारखेच वागतात. मीही ते एकच समजत होतो. मग एका रात्री दूरच्या सर्व्हरवर नियम नव्याने लिहायला घेतले, जुने पुसायला मायनस एफ (फ्लश) दिलं आणि टर्मिनल तिथेच गोठलं.

फ्लश नियम पुसतो, पॉलिसीला हात लावत नाही. दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या २२ नंबरच्या पोर्टला वाट देणारा नियम गेला, चालू कनेक्शन टिकवणारा एस्टॅब्लिश्डचा नियमही गेला. मागे उरली ती ड्रॉप पॉलिसी. हाच ड्रॉप यादीतला शेवटचा नियम असता, तर फ्लशबरोबर तोही गेला असता. सर्व्हर काही काळ उघडा पडला असता, हे खरंच. पण मी आत असतो आणि तो लगेच बंद करू शकलो असतो.

शेवटच्या नियमाचीही एक खोड आहे. मायनस ए ने जोडलेला नवा नियम त्या ड्रॉपच्या खाली जाऊन बसतो आणि पॅकेट तिथवर पोचतच नाही. तो मायनस आय ने वर घालावा लागतो. पॉलिसीत ही भानगड नाही.

तरी कन्सोल (नेटवर्क अडलं तरी थेट सर्व्हरवर जायची सोय) हाताशी नसेल तिथे मी पॉलिसी ॲक्सेप्टच ठेवतो. फ्लशच्या वाटेलाही जात नाही. सगळे नियम फाइलमध्ये लिहून आयपीटेबल्स-अप्लायने लावतो. ते नियम लावतं, नवं कनेक्शन होतंय का असं विचारतं आणि मुदतीत होकार मिळाला नाही तर जुने नियम परत आणतं. मुदत मुळात १० सेकंदांची असते. तेवढ्यात लॉगिनही धड होत नाही, म्हणून मायनस टी देऊन ती ६० करावी.

होकार देण्याआधी दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहाच. पहिली खिडकी चालतेय याला अर्थ नाही. २२ बंद झाला तरी एस्टॅब्लिश्डच्या नियमावर ती जिवंत राहते. सर्व्हरला आयपीव्ही६ चा पत्ताही असेल, तर हे लॉगिन एसएसएच मायनस ४ देऊन, म्हणजे आयपीव्ही४ वरूनच, करा. आयपीव्ही६ चे नियम वेगळे असतात, आणि त्या वाटेने आत आलात तर आत्ता लावलेले नियम तपासलेच गेले नाहीत.