मुलाम्याच्या जुन्या वस्तू : ओळख व मूल्यांकन

तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर यांसारख्या धातूंवर चांदीचा पातळ थर चढवलेली तबके, चहाचे संच, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, काटे-चमचे इत्यादी. लाकडावर चांदीचा पत्रा मढवलेले पाट-देव्हारे आणि कल्हईची भांडी यांचा येथे विचार केलेला नाही.

पाऱ्याच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत प्राचीन आहे. तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून जोडायचा व दोन्ही एकत्र लाटायचे, ही ‘शेफील्ड प्लेट’ पद्धत थॉमस बोल्सोव्हर याने १७४३ च्या सुमारास काढली. काहींच्या मते १७४२ मध्ये. सुरीच्या मुठीची दुरुस्ती करताना ती त्याला अचानक सुचली, ही हकिकत परंपरागत आहे. विद्युत् मुलाम्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ब्रुन्यातेल्ली या इटालियन रसायनज्ञाने १८०५ मध्ये विजेने सोन्याचा मुलामा दिला होता. पण व्यवसायाचा पाया बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलत भावांच्या १८४० च्या पेटंटाने घातला गेला. त्यातला निर्णायक भाग, म्हणजे पोटॅशियम सायनाइडचे द्रावण, जॉन राइट या शल्यवैद्याचा होता. त्यावाचून जाड व घट्ट थर बसत नसे, म्हणून राइटला अधिक श्रेय देणे सयुक्तिक वाटते.

शेफील्ड प्लेट व विद्युत् मुलामा या दोन्ही पद्धती झिजेवरून ओळखतात. तबकाचा कंगोरा, मुठीचा बाक, बुडाची कडी येथे चांदी आधी जाते. शेफील्ड प्लेटमध्ये तेथे तांब्याची लाली दिसते. जर्मन सिल्व्हरवर पिवळसर राखाडी छटा. मात्र तांब्यावरही विद्युत् मुलामा देत, त्यामुळे केवळ लाली पुरेशी नाही. शेफील्ड प्लेटच्या काठावरील तांबे झाकण्यासाठी पत्रा दुमडलेला किंवा चांदीची तार बसवलेली असते. काठाखाली नख फिरवल्यास ती कड लागते. मोनोग्राम (नावाची आद्याक्षरे) कोरण्यासाठी बसवलेला शुद्ध चांदीचा तुकडा वस्तूवर तोंडाची वाफ सोडताच क्षणभर वेगळ्या छटेत उमटतो. विद्युत् मुलाम्यात मात्र थर सांध्यांवरूनही सलग गेलेला असतो.

रोमन लिपीतील ‘ई पी एन एस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) ही अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत ठोकलेली असली, की हॉलमार्कचा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेच्या अधिकृत ठशाचा, भास होतो. शेवटचा ‘एस’ निकेल सिल्व्हरमधला आहे, आणि निकेल सिल्व्हर ऊर्फ जर्मन सिल्व्हर यात चांदी मुळीच नसते (साधारण ६० टक्के तांबे, बाकी निकेल व जस्त). ‘बी एम’ म्हणजे ब्रिटानिया मेटल; ते कथिलप्रधान असल्याने वाजवल्यास बद्द आवाज येतो आणि डाक देताना ज्योत लागली की वितळते. ‘शेफील्ड प्लेट’ असे शब्दच कोरलेली वस्तू बहुधा उत्तरकालीन असते.

शंका उरल्यास घनता काढावी. चमच्यांचा जुडगा ५२० ग्रॅम भरला व त्याने ६० मिलि. पाणी सारले, तर घनता ८·७ येते आणि तो जर्मन सिल्व्हरचा ठरतो. चांदीच्या जुडग्याने सुमारे ५० मिलि.च सारले असते. पोकळ मुठीत राळ भरलेल्या वस्तूंना ही कसोटी लावू नये. नायट्रिक आम्लाचा थेंब दर्शनी भागावर टाकणे म्हणजे डाग विकत घेणे.

किमतीत चांदीचा वाटा अल्प असतो. दोन्ही बाजू मिळून १,००० चौ. सेंमी.च्या तबकावर २० मायक्रॉनचा थर असला, तरी चांदी सुमारे २१ ग्रॅमच भरते, म्हणून मोडीत ती जवळजवळ मातीमोल. किंमत ठरते ती घडणीवर, जोड पूर्ण असण्यावर (झाकण, आतील काच, बिजागरी) आणि मूळ थर किती उरला यावर. खरी शेफील्ड प्लेट पुन्हा मुलामा देऊन चकचकीत करणे हे तिचे न भरून येणारे नुकसान आहे. साध्या ई पी एन एस वस्तूचे तसे नाही. राख, चिंच वा पावडरने घासल्यास थर लवकर जातो. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडके पुरे.

पुण्यात अशा वस्तू मुख्यतः बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळतात. तेथे वस्तू ताजी घासून चमकवलेली असली, तर बूड व मुठीचा सांधा पाहावा. झीज तेथे लपत नाही. जुन्या घरगुती वस्तूंचे घाट अभ्यासण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय उपयुक्त आहे. ठसा नसलेल्या कामाचा काळ घडणीवरून ढोबळमानानेच सांगता येतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखाली येऊ शकते आणि तशी ठरल्यास खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.