गुडघेदुखी, कृत्रिम सांधा आणि २०१७चा दर-आदेश

कोकणात गुडघा धरला की पहिला उपाय शेकाचा. निगडीचा पाला गरम करून बांधायचा, उंडीचे तेल चोळायचे, आणि जमलेच तर राजापूरजवळच्या उन्हाळे गावी किंवा दापोलीकडे उन्हवऱ्याच्या गरम कुंडावर पाय सोडून बसायचे. आयुर्वेदात संधिगत वाताचे वर्णन आहे: सांधा हाताला हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो, वाकवताना आणि सरळ करताना दुखतो. शेकाने स्नायू सैलावतात, काही तास बरे वाटते. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, मात्र त्याने भरून येत नाही. एकदा गेलेली कूर्चा पुन्हा येत नाही, असे १७४३ साली लंडनच्या एका शल्यविशारदाने लिहून ठेवले होते, आणि त्यात आजवर फारसा फरक पडलेला नाही.

गुडघा बदलण्याचा पहिला प्रयत्न १८९० साली बर्लिनमध्ये झाला. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांत हस्तिदंताची बिजागरी बसवली गेली. जंतुसंसर्गामुळे ती टिकली नाही. मांडीच्या हाडाला धातूची टोपी आणि नडगीवर प्लास्टिकची बैठक, ही आजची घडण १९७०च्या दशकात रूढ झाली. पुढे दुर्बिणीतून गुडघा 'धुऊन' काढण्याची लाट आली. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. त्यातल्या काहींना नुसते कातडीवर काप देऊन टाके घातले होते, आणि धुतलेल्या गुडघ्यांना त्यांच्याहून काही जास्त फायदा झालेला दिसला नाही. झिजेच्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस २०१७ सालीही पुन्हा करावी लागली.

आपल्याकडे ते वर्ष वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या दर ठरवणाऱ्या यंत्रणेने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा साधा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता, तो कर वगळून ५४,७२० वर आला. कारखान्यातून किंवा बंदरातून निघालेला सांधा रुग्णाच्या बिलात येईपर्यंत सरासरी ३१३ टक्के नफा चढत होता, हे त्याच वेळी जाहीर झाले. कंपन्यांची तक्रार होती की अशाने नवे तंत्रज्ञान देशात येणार नाही. तिच्यात थोडे तथ्य असेलही, पण ३१३चा आकडा पाहिल्यावर तिच्या बाजूने उभे राहणे कठीण आहे.

या आदेशातली एक ओळ आपल्या भागासाठी फार महत्त्वाची होती आणि तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही. ती ओळ 'जास्त वाकणाऱ्या' गुडघ्याची. जमिनीवर मांडी घालून जेवणारा, पूजेला पाटावर बसणारा, उकिडवे बसून मासळी साफ करणारा आणि काजूच्या बिया सोलणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच तो विकला जाई. त्याची किंमत १,८१,७२८ रुपये होती, म्हणजे साध्यापेक्षा तेवीस हजारांनी जास्त. दक्षिण कोरियात २००५ साली पन्नास रुग्णांच्या एका गुडघ्यात साधा आणि दुसऱ्यात हा सांधा बसवून तुलना झाली होती. वाकण्यात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे बरेचसे आधी तो किती वाकत होता, यावर ठरते. आदेशात या सांध्याची किंमत ५६,४९० ठरली आणि साध्यातला-त्यातला फरक १,७७० रुपयांवर आला. 'आईला खाली बसता येईल' या एका वाक्यासाठी कर्ज काढणाऱ्या घरांना हा खरा दिलासा होता.

मर्यादा फक्त सांध्याला होती. खोलीभाडे, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांची फी, औषधे या रकान्यांना आदेशाने हात लावला नाही. आणि बिलाबाहेरचा खर्च तर कुणीच मोजत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या रुग्णाला गोव्यातले बांबोळीचे सरकारी इस्पितळ नाहीतर घाट चढून कोल्हापूर गाठायचे, सोबतीला माणूस न्यायचा, त्याची मजुरी बुडवायची. जानेवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या सरकारी इस्पितळांत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले आणि दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. दिल्लीने सांधा स्वस्त केल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. २०२१ नंतर कोकणात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, त्यामुळे हे अंतर काहीसे घटेल.

तरीही माझ्या मते गेल्या काही वर्षांत सगळे लक्ष धातूच्या किमतीकडे वळले, ही चूक झाली. गुडघ्याचा आजार म्हणजे नुसती घासलेली वाटी नव्हे. आतले अस्तर सुजते, कूर्चेखालचे हाड बदलते, मांडीचा स्नायू सुकतो. एक्स-रेवर दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची घाटी उतरणारी बाई आधी दुखरा पाय खाली टाकते, एक हात दगडी गडग्यावर टेकते आणि मग दुसरा पाय शेजारी आणते. तिला त्या पायरीवर आधी बळ हवे असते ते मांडीच्या पुढच्या स्नायूचे. खुर्चीत ताठ बसून पाय समोर सरळ करायचा, स्नायू घट्ट धरून पाच अंक मोजायचे, सावकाश खाली आणायचा. असा व्यायाम आणि गरज असेल तिथे वजन कमी करणे, हा जगभर मान्य झालेला पहिला उपचार आहे.

डेन्मार्कमध्ये २०१५ साली १०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. हे सगळे शस्त्रक्रियेस पात्र होते. निम्म्यांचा गुडघा बदलून पुढे हाच उपचार दिला, उरलेल्यांना नुसताच उपचार: देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे व्यायाम, शिवाय आहार आणि गोळ्या. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम जास्त पडला, गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. नुसत्या उपचारावर राहिलेल्यांपैकी वर्षभरात २६ टक्क्यांनीच गुडघा बदलून घेतला.

ते बारा आठवडे किनाऱ्यावरच्या गावातून पुरे करायचे, तर कुडाळ-कणकवलीच्या फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा एसटीने जायचे, आणि एसटीची पहिली पायरीच दुखऱ्या गुडघ्याला चढवत नाही. हा व्यायाम गावच्या आरोग्य उपकेंद्रावर शिकवला जायला हवा. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक खुर्ची आणि शिकवणारे माणूस लागते.