रात्री आम्ही दोरी का बांधतो
भांडुप, चेंबूर, माझगावच्या आमच्या वर्कशॉपवाल्या ग्राहकांसाठी

"दोन तास काम बंद कशाला? एक्स-रेच तर आहे!" हे आम्ही जवळपास प्रत्येक साइटवर ऐकतो. दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला की साधारण 0.1 मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) डोस मिळतो. वेल्ड तपासायला आम्ही आणतो तो इरिडियम-192चा सोर्स, म्हणजे सतत किरणं सोडणारा किरणोत्सर्गी धातू, हे वेगळंच प्रकरण. केबलच्या टोकाला जेमतेम काही मिलिमीटरचा तुकडा. त्याला बंद करायचं बटण नाही. जड पेटीत परत ओढून घेतला तरच तो आवरतो.

उघड्या सोर्सजवळ राहून अंगभर एकदम 4 ग्रे डोस बसला (इथे 1 ग्रे म्हणजे 1000 मिलिसीव्हर्ट धरा), म्हणजे त्या एक्स-रेच्या सुमारे 40,000 पट, आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं साधारण दोन महिन्यांत दगावतात. फसवं म्हणजे त्या वेळी काहीच जाणवत नाही. चटका नाही, वास नाही. काही तासांत उलट्या होतात. पहिली उलटी किती वेळाने झाली हे डॉक्टर आधी विचारतात. जितकी लवकर, तितकं वाईट. मग एकदोन दिवसांत माणसाला बरं वाटतं, तो कामावरही येतो. आत मात्र हाडांतल्या मज्जेत नव्या रक्तपेशी बनणं थांबलेलं असतं. जुन्या संपत आल्या की हिरड्यांतून रक्त येतं, ताप चढतो, साधा जंतूही झेपत नाही. 10 ग्रेच्या पुढे आतड्याचं अस्तरच झडतं आणि मग वाचवणं जवळपास अशक्य. त्याहून कितीतरी जास्त डोस असेल तर एकदोन दिवसांतच खेळ संपतो. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात 134 जणांना हा किरणोत्सर्गाचा आजार झाला, त्यातले 28 त्याच वर्षी गेले.

ते अणुभट्टीचं झालं, आपलं काय? 1984 साली मोरोक्कोत आमच्याच कामातला असा एक सोर्स सुटून पडला. कुणीतरी चकचकीत तुकडा म्हणून घरी नेला. आठ माणसं गेली, आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटलं विषबाधा झाली. पेरूमध्ये 1999 साली एका वेल्डरने तसाच तुकडा पँटच्या खिशात टाकला. जीव वाचला, पाय कापावा लागला.

म्हणून कामाच्या जागेभोवती दोरी. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, त्यापेक्षा स्वस्त उपाय नाही. कामाला लागण्याआधी आम्ही सर्व्हे मीटरने (किरणं मोजायचं यंत्र) हद्द मोजतो आणि संपल्यावर सोर्स पेटीत गेला का तेही मीटरनेच बघतो. नुसती केबल परत आली म्हणून विश्वास ठेवत नाही.

वॉचमनला मात्र नीट सांगून ठेवा. गेल्या वेळी एक मामा आमच्यासाठी प्रेमाने कटिंग घेऊन दोरीखालून वाकून आत येत होते. आमचा पोरगा ओरडला म्हणून थांबले. चहा आम्ही बाहेर येऊन पिऊ.

आणि आम्ही गेल्यावर फरशीवर पेनाच्या रिफिलएवढा धातूचा तुकडा किंवा केबलचं टोक दिसलं, तर हात लावू नका, झाडूनही टाकू नका. सगळ्यांना लांब न्या, दार लावा, आम्हाला फोन करा. रात्रीचे तीन वाजले असले तरी.